रुक्माचा सोटा

माझ्या एका शब्दानं रुक्माची जमीन गेली, हे आधीच कबूल करून टाकतो.

एकोणीसशे बारा साली मी रानातल्या कुंभारवाडा गावी शाळामास्तर होतो. रुक्मा ही तिथल्या कुणब्याची विधवा. पदरात दोन लेकरं आणि आंधळी सासू. घरचं भात जेमतेम दोन महिने पुरायचं, पुढे सगळं पोट कोनावर. कोन म्हणजे तिकडचा कंद, जमिनीत हातभर खोल उतरणारा. मार्गशीर्षात कोन खणताना तिच्या पहारीला एक धोंडा लागला. वाटोळा, गुळगुळीत, मधोमध आरपार भोक. मोठ्या कौतुकानं ती तो मला दाखवायला घेऊन आली.

मला तेव्हा आदिमानवाचं आणि त्याच्या दगडी हत्यारांचं भारी वेड. दोन इंग्रजी पुस्तकं काय वाचली, स्वतःला शहाणा समजू लागलो होतो. चार माणसांसमोर छाती फुगवून म्हणालो, "ही गदा आहे, हजारो वर्षांपूर्वीच्या वीराची!"

हजारो वर्षं राहिली बाजूला, गदा तेवढी गावभर झाली. गदा कुणाची? मारुतीची! दिवस मावळायच्या आत गावचा बुधवंत येसाजी रुक्माच्या शेतात शेंदूर घेऊन हजर. बुधवंताचा निवाडा गावात कुणी मोडत नसे.

"ही जागा देवाची," तो म्हणाला. "हितं आता लोखंड लावायचं न्हाई."

मी मध्ये पडलो, तर म्हणाला, "मास्तर, तुमीच सांगितलासा की!"

रुक्मा माझ्याकडे वळली. "तुमी गदा म्हणालासा, आनि माझ्या लेकरांच्या तोंडातला घास गेला." मी शेण खाल्लं होतं, आणि ते निस्तरायची अक्कल काही पुस्तकात नव्हती.

ती मात्र हात बांधून बसणारी नव्हे. सकाळी येसाजीच्या दारात उभी. "मामा, लोखंड न्हाई ना? मग लाकूड चालंल?"

येसाजीनं डोकं खाजवलं. लाकडाला देवानं कधी मनाई केल्याचं त्याला आठवेना. "चालंल," तो म्हणाला.

तिनं टणक लाकडाचा सोटा तासला, टोक निखाऱ्यावर भाजून घेतलं आणि खणायला लागली. सोटा नुसता उसळायचा. दोन दिवसांत तळहात फोडांनी भरले, आणि निघाला तो एकच कोन, तोही मोडका. मला बघवेना. येसाजीही बांधावर येऊन बसे आणि दुसरीकडे बघे.

तिसऱ्या दिवशी दमून ती त्या धोंड्यापाशी टेकली. भोकात बोट घालून फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"मास्तर, हे भोक आत झिजलंय बगा. मारामारी करून आसं झिजंल व्हय? ह्यात रोज काठी हुती." मग एकदम उठली. "माझ्या सोट्याला वजन न्हाई, आनि वजन हितं बसलंय! मामा, देवाचा धोंडा देवाच्या जमिनीत गेला, तर त्यात बाधा कसली?"

येसाजी बांधावरून उठून जवळ आला. तिनं धोंडा सोट्यात ओवला, बांबूची पाचर ठोकून पक्का केला, सोटा उचलला आणि सोडला.

वीतभर आत गेला! पुन्हा उचलला, पुन्हा सोडला. भराभर माती सुटत गेली आणि हातभर लांबीचा अख्खा कोन वर आला. ती पुस्तकं लिहिणाऱ्यांनी आणि ती वाचणाऱ्या मीही जन्मात कधी कोन खणला नव्हता. जे आम्हाला कळलं नाही ते ह्या अडाणी बाईच्या हातांना कळलं. त्या हातांना मी मनोमन नमस्कार केला.

येसाजीनं सोटा मागून घेतला. तीनचार घाव घातले, एक कोन काढला आणि त्याची माती झटकली.

"गदा न्हवं ही," तो म्हणाला. "तुझ्यासारखीच कुनीतरी बाई हितं कोन खणत हुती, रुक्मे. पोराबाळांसाटनं. मग ही जागा देवाची कशी? खणणाऱ्याची हाय. तुझी हाय."

इतके दिवस न रडलेली रुक्मा मातीत बसून मोठ्यानं रडली. मग मातीच्याच हातांनी डोळे पुसून पुन्हा खणायला लागली. दिवस मावळेपर्यंत ती खणत होती, आणि मी नि गावचा बुधवंत डोक्यावर टोपल्या घेऊन तिचे कोन घरी वाहत होतो.