भोपळ्याच्या डोक्यातले किडे

परातीतल्या पाण्यात सतरा किडे तरंगत होते. पांढरे, बारीक, शेपटीकडं वळलेले. नाडीबाबांनी काडीनं एकेक मोजला आणि परात उचलून मंडपभर फिरवली. बायांनी तोंडाला पदर लावले, मागची माणसं पुढच्यांच्या खांद्यावर रेलून बघू लागली. उंब्रजच्या बाहेर, हायवेपासून हाकेच्या अंतरावर, पत्र्याच्या शेडपुढं त्या गुरुवारी दीडेकशे माणूस जमलं होतं. आणि ते सगळे ज्यांच्याकडं डोळे फाडून बघत होते ते किडे माझ्या डोक्यातले होते.

"मेंदूचं किडं हायती हे," बाबा सांगत होते. "डोक्यात बहात्तर हजार नाड्या. एकेक नाडी म्हंजे लायटीची वायर. किड्यानं वायर कुरतडली की फ्यूज उडाला. डाक्टर फोटो काढतोय. आरं, फोटोत किडा कसा दिसंल? किडा काय फोटोला उभा ऱ्हातोय व्हय?"

लोक हसले. मीही हसलो असतो, पण माझ्या कानात नळी होती.

मी धम्मपाल. नदीचं पाणी उचलून माळावर नेणाऱ्या आमच्या संस्थेचा पाटकरी. कुणाच्या उसाला पाणी कधी सोडायचं, त्याच्यामागं कोण, ही पाळी सांभाळणं हे माझं काम. वहीत नुसते तास लिहिलेले असत. कुणामागं कोण हे बांधावरच्या बोलण्यात ठरे; कुणी लग्नासाठी पाळी बदले, कुणी भावाला देई. बासष्ट शेतकऱ्यांची ती साखळी सोळा वर्षं माझ्या डोक्यात होती. ती कागदावर घ्यावी असं कुणाला वाटलं नाही, मलाही नाही. खरं सांगायचं तर मला त्याची मिजास होती.

पंच्याण्णव सालच्या डिसेंबरात पाटाचं दार उचलताना शेवाळावरून पाय सटकला आणि कपाळ लोखंडी चाकावर आपटलं. मिनिटभर शुद्ध गेली. उठलो, तोंड धुतलं, कामाला लागलो. पण त्या दिवसापासून पंपाच्या मोटारीचा आवाज डोक्यात घुसायला लागला. शब्द ओठावर येईतोवर समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असे. एका आठवड्यात त्या बासष्टांतल्या नानासोंची पाळी मी दोनदा केरबाच्या उसाला सोडली. नानासो बांधावर उभे राहून माझ्याकडं बघत राहिले. ते शिव्या देते तर बरं झालं असतं.

माझे भावजी प्रबुद्ध सांगलीजवळ कुपवाडला कारखान्यात आहेत. त्यांनी मला विश्रामबागला एका डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाईंनी डोक्याचा फोटो काढायला लावला. फोटो स्वच्छ निघाला.

"मग मला होतंय काय?" मी विचारलं.

बाईंनी माझं काम विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमचा पाट फुटलेला नाही, म्हणून फोटोत काही नाही. पण हादऱ्यानं बारीक चाऱ्यांत, म्हणजे पोटपाटांत, माती ढासळलीय. मेंदूचं काम एका जागी चालत नाही, या भागातून त्या भागाकडं निरोप जावा लागतो. सध्या तो अडखळत जातोय. चाऱ्या मोकळ्या होतील, काही नव्या पडतील. ज्यानं आयुष्यभर डोकं वापरलंय, त्याच्याकडं पाणी फिरवून न्यायला जास्त वाटा असतात. तुमच्याकडं आहेत."

त्यांनी कागदावर लिहून दिलं: दोन दिवस विश्रांती, मग रोज थोडं थोडं काम. अंधारात बसून राहू नये. बहुतेक तीन महिन्यांत ठीक. उलट्या झाल्या, गुंगी आली, डोकेदुखी वाढत गेली, तर ताबडतोब या. खाली बावीस डिसेंबर ही तारीख.

गावानं त्यातलं एकच उचललं. फोटोत काही न्हाई, म्हंजे बाहीरचं हाय.

संस्थेचे चेअरमन आप्पासो घरी आले. आमच्या उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसले आणि माझ्याशी न बोलता आईशी बोलले.

"बाळाबाई, पोराला बाबांकडं बसीव. चाळीस दीस. बाबा बरा म्हनलं की पाळी त्याचीच. न्हाईतर मला दुसरा मानूस बघाय लागंल."

"आप्पासो, आमी देवधर्म सोडल्याला हाय," आई म्हणाली.

"देव कुठं हाय ह्यात? नाडीचं शास्त्र हाय. आन् तुजा पोरगा असाच येडा ऱ्हायला तर?"

छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर आईनं घरातले देवांचे टाक स्वतःच्या हातानं नदीत सोडले होते. त्यानंतर घरात जन्मलेला पहिला मी. तीच आई दुसऱ्या दिवशी माझी वळकटी काखेत मारून त्या शेडकडं निघाली. मी तिच्यावर खूप चिडलो होतो, आणि चिडल्यावर बोलायला एक वाक्य जुळत नव्हतं.

शेडमागच्या खोलीत मला ठेवलं. खिडकीला गोणपाट, डोक्याला आवळून फडकं, बाहेरून कडी. डॉक्टरीणबाईंनी जे करू नका म्हटलं होतं नेमकं ते. मी म्हणालो, मला घरी जायचंय. बाबा बाहेरच्यांना म्हणाले, "आइकलं? किडा बोलतोय." मी गप्प बसलो. "किडा झोपलाय." मी दारावर लाथ घातली. "किड्याला उजेड पायजे, म्हून तडफडतोय." शिवाय अट अशी की चाळीस दिवसांत बरा झालो तर ती बाबांची किमया, आणि नाही झालो तर मी नेम मोडला. त्या खोलीला दार एकच होतं, पण या बोलण्याला तर एकही नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी स्वतःच कान चाचपून बघितला. आतून काही वळवळतंय का म्हणून. त्याची लाज मला आजही वाटते.

किडे काढण्याची रीत अशी. परातीत पाणी ओतायचं. मधोमध लालभडक तापलेला लोखंडी ठोकळा. त्यावर बाबा मुठीतून "विभूती" टाकत, लगेच वरून भोक पाडलेलं मडकं उपडं घालत, आणि त्या भोकातून नळी माझ्या कानात. आत तडतड आवाज होई, धूर कानात जाई, डोळ्यांतून पाणी वाही. मडकं उचललं की परातीत किडे. पहिल्या गुरुवारी सतरा, दुसऱ्या गुरुवारी बारा.

आई रोज भाकरी घेऊन येई आणि सेवा म्हणून शेडभोवतीचं अंगण झाडी. एका दुपारी ती माझ्याजवळ बसली. तिच्या बोटाला काटा रुतला होता, तो ती काढत होती.

"शेडच्या मागं रिंगणीची फळं वाळत घातल्याती," ती हळूच म्हणाली. "पिवळी पिवळी. मी ल्हान असताना एक दातकिडं काढणारा फिरत यायचा. आमी पोरी त्याला हीच फळं गोळा करून द्यायचो. गुळाचा खडा मिळायचा. त्योबी असाच धूर द्यायचा."

"मग?"

"मग काय. बगू." एवढं बोलून ती उठली. तिच्या मनात काय आहे ते तिनं मलाही सांगितलं नाही.

तिसऱ्या गुरुवारी माझे नऊ निघाले. गर्दी खूश झाली. आप्पासो, नानासो, केरबा पुढं बसले होते. तेवढ्यात आई उठली.

"बाबा, माजंबी डोकं लय ठणकतंय. मलाबी काडा."

बाबांना काय, हवंच होतं. आई परातीशी बसली आणि तिनं पदर डोक्यावरून थेट मांडीपर्यंत ओढून घेतला. "धुरानं डोळं जात्यात. नळी मीच धरते, बाई मानूस हाय मी," ती म्हणाली, आणि नळीचं टोक पदराखाली नेलं.

विभूती पडली, तडतडली. बाबांनी पदरावर मोरपीस फिरवलं. "म्हातारीच्या डोक्यात जुनं किडं हायती. सासुरवासातलं. बसल्याती वायरीला चिकटून." मडकं उचललं. बाबांनी काडी घेऊन मोजले. "चवदा. सुटली बग म्हातारी. हलकं वाटतंय का न्हाई?"

"मला न्हाई म्हाईत," आई म्हणाली. "ह्याला इचारा."

तिनं पदर बाजूला केला. मांडीवर एक लहानसा लाल भोपळा होता. त्याला बोटाएवढं भोक, आणि नळी त्या भोकात.

आधी नानासो हसले. पोट धरून हसले.

"भोपळ्यालाबी जीव असतोय," बाबा म्हणाले.

"मग त्याला कोंडा चाळीस दीस," आई म्हणाली. "माज्या पोराला सोडा." तिनं कनवटीतून एक वाळकं पिवळं फळ काढून फोडलं आणि बी हातावर घेऊन पुढं केलं. "हीच तुमची इभूती. तापल्या लोखंडावर फुटली की आतला कोंब पाण्यात पडतोय. त्योच किडा." आणि तिनं चिमूटभर बी ठोकळ्यावर टाकून वर मडकं ठेवलं. या वेळी नळीच्या टोकाशी भोपळासुद्धा नव्हता. मडकं उचललं, तर परातीत किडे.

पण बाबा मुरलेला गडी होता. "ऱ्हाऊ द्या किडं," तो म्हणाला. "हा आला तवा त्याला दोन शब्द जुळत नव्हतं. आता बोलतोय का न्हाई? कुणामुळं?"

गर्दी परत हलली. प्रश्न वरवर खरा होता; मी बोलू लागलो होतो. मी बंडीच्या खिशातून घामानं मऊ झालेला बाईंचा कागद काढला आणि पाटाच्या शेवटाला रान असलेल्या कृष्णातच्या हातात दिला. त्यानं मोठ्यानं वाचला, तारखेसकट. बाबांनी मला बघायच्या आधीच बाईंनी सांगून ठेवलं होतं की मी बरा होणार. उलट या अंधारानं माझे तीन आठवडे खाल्ले.

"मग पाळी सांग," आप्पासो म्हणाले. "हितंच. समद्यांफुडं."

मी सुरुवात केली. पंपापासून, नेहमीसारखी. आप्पासो, केरबा, नानासो, आणि पुढं भिंत. काहीच येईना. माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती. बाबांनी डोळे मिटून हात जोडले. मला वाटलं, पुन्हा ती कडी लागणार.

मग मला आठवलं की सोळा वर्षं मी दारं बंद करत शेवटाकडून घराकडं चालत आलोय. ती वाट पायांना ठाऊक होती. मी डोळे मिटले आणि शेपटाकडून निघालो. ओढ्याकाठी कृष्णात. त्याच्या वर बाभळीचा बांध, तो हरणाबाईचा. त्याच्या वर खडकाचा तुकडा... दोनदा थांबलो, एकदा चुकलो आणि स्वतःच दुरुस्त केलं. नानासो बोटांवर मोजत होते.

"बासष्ट," ते म्हणाले. "समदं बराबर हाय."

बाबा तोवर परात पुसून पोत्यात घालत होता. पुढच्या गुरुवारी शेडमध्ये कुणी नव्हतं.

मार्चअखेर मी पूर्ण बरा झालो. पहिलं काम केलं ते हे की पंपघराच्या भिंतीवर सगळा पाट काढला, प्रत्येकाच्या नावानिशी. बासष्ट माणसांचं पाणी एका कवटीत ठेवणं हाही एक वेडेपणाच होता.

भोपळ्याच्या त्या गुरुवारी शेडवरून घरी जाताना आई वाटेत बसली होती आणि रडली होती. "छप्पन साली देव सोडलं रं," ती म्हणाली, "पर भ्याव तेवढं ऱ्हायलं." मी तिच्याशेजारी बसलो. माझा राग तिथंच संपला.

तुमच्यापैकी कुणाच्या डोक्याला मार लागला तर डॉक्टरकडं जा, आणि फोटो स्वच्छ आला म्हणून बाहेरचं शोधत बसू नका. दिसत नाही ते सगळं भूत नसतं. "मी बरं केलं" असं कुणी म्हणालं तर विचारा, तू काहीच केलं नसतंस तर काय झालं असतं? आणि किडे दाखवले तर भोपळा लावून बघा. माझी आई शाळेची पायरी चढलेली नाही. तिला शंका आली, आणि ती तिनं चारचौघांत तपासून बघितली. याहून जास्त काही लागत नाही.