ड्रमातला आंबा आणि बांधावरचा शेंदऱ्या

मी आम्रपाली जातीचा एक आंबा. भिंगारमधल्या सरकारी क्वार्टरच्या दुसऱ्या मजल्यावर, अर्ध्या कापलेल्या निळ्या ड्रमात राहतो. सहा वर्षांचा झालो, तरी उंची सुकन्याबाईंच्या खांद्याएवढीच. जातच बुटकी, म्हणून तर गॅलरीत मावलो.

मला रोपवाटिकेतून आणलं अजिनाथरावांनी, बायकोसाठी. सुकन्याबाई देवळाली प्रवराच्या, शेतात वाढलेल्या. या दोन खोल्यांत त्यांना मातीला हात लावायला मिळत नव्हता. त्यांनी मला शेणखत घातलं. पहिला मोहोर आला तो खुडला आणि म्हणाल्या, "आधी अंग धर." मला वाटलं, बाई माझ्या झाल्या.

पण माझं पहिलं फळ खाल्लं त्या दिवशी म्हणाल्या, "गोड हाय. पर आमच्या शेंदऱ्याची सर न्हाई."

शेंदऱ्या म्हणजे त्यांच्या माहेरच्या बांधावरचा गावरान आंबा. त्याच्या फांदीचा झोका, त्याच्या कैऱ्यांचं लोणचं, त्याची केशरी साल. पाणी मला घालायच्या आणि आठवण त्याची काढायच्या. कधी न पाहिलेल्या त्या झाडावर मी जळू लागलो. वीज पडावी त्याच्यावर, असंही मनात यायचं.

दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, त्यांच्या भावाचा, कारभारीदादांचा फोन आला. ऊसतोडणीच्या मशीनला वळायला जागा नव्हती, म्हणून शेंदऱ्या पाडला होता.

"आधी सांगायचं तरी, दादा," एवढंच सुकन्याबाई बोलल्या.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी त्या एसटीनं माहेरी गेल्या आणि ओल्या फडक्यात तीन काड्या गुंडाळून आणल्या. पाडलेल्या झाडाच्या. कलम करायला त्या वडिलांकडून शिकल्या होत्या. त्यांनी माझ्या तीन फांद्या कापल्या, टोकं चिरली, प्रत्येक चिरीत एक काडी बसवली आणि प्लास्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधली.

ज्याच्या नावानं मी कुढत होतो, त्यालाच आता माझा रस पाजायचा होता. मी तो आखडून धरला. पंधरवड्यात दोन काड्या वाळल्या.

"तिसरीबी जाईल," सुकन्याबाई म्हणाल्या.

"दुसरी लाव की," अजिनाथराव म्हणाले.

"झाडच राहिलं न्हाई, काडी कुठनं आणू? आन् ह्याला तरी किती कापू? लई सोसलं बिचाऱ्यानं."

त्यांनी माझ्या दोन जखमांवर शेणमाती लिंपली, हलक्या हातानं, लेकराला लावावी तशी. मला बिचारा म्हणत होत्या, आणि मी त्यांच्या माहेराचा शेवटचा तुकडा सुकवत होतो. मला माझीच लाज वाटली. मी रस सोडला.

काही दिवसांनी तिसऱ्या काडीला तांबूस पालवी फुटली. सुकन्याबाई खाली बसल्या आणि ड्रमाला कपाळ टेकून रडल्या.

यंदा त्या फांदीला तीन आंबे लागले. एक त्यांनी भावासाठी राखून ठेवला. कारभारीदादा आले, त्यांनी तो खाल्ला, कोय धुतली आणि खिशात घालून गेले. सुकन्याबाई दारात उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या.

माझ्या स्वतःच्या फांद्यांवर अकरा आहेत, अजून पिकायचे. माझं जळणं संपलं, असं मी म्हणणार नाही. त्याची फांदी पुसताना बाईंचा हात अजून जरा जास्त रेंगाळतो. कधी आमच्याकडे आलात, तर माझाही एक आंबा खा. आणि आवडला, तर सुकन्याबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात सांगा.