पाठ फिरवून बसलेला दरबार

सुलतान युनुसची दृष्टी गेली होती. हे त्याच्याखेरीज न्जिमी शहरात दोघांनाच ठाऊक आहे, असं त्याच्या आईला वाटत होतं: एक ती स्वतः, फान्ना, आणि दुसरा तिचा जुना नोकर मस्ता.

दरबाराची रीतच अशी होती की आंधळेपण लपून जावं. सुलतान पडद्याआड बसायचा आणि सरदार त्याच्याकडे पाठ करून वाळूवर बसायचे. राजाकडे बघणं म्हणजे बेअदबी. बोलायचं ते समोरच्या भिंतीशी. नवी नवरी म्हणून आली तेव्हा फान्नाला या रितीचं हसू यायचं, आता तिचा सगळा भरवसा त्या रितीवरच होता. आंधळ्याला गादी नाही, हा तिथला कायदा. म्हणून तर गादीचं भांडण लागलं की भाऊ भावाचे डोळे काढायचे.

पण ईद तोंडावर आली होती. ईदला सुलतान घोड्यावर बसून साऱ्या शहरासमोर नमाजाला जातो. झाकली मूठ तेव्हा उघडणारच. फान्नाची झोप उडाली होती, बाजरीची पेजसुद्धा घशाखाली उतरत नव्हती. सवतीचा मुलगा बुकार तरणाबांड, चांगल्या डोळ्यांचा. तो गादीवर आला तर युनुसला जिवंत ठेवील? पण तोही आंधळा झाला, तर वारसच उरणार नाही. मग सरदारांना युनुसलाच चालवून घ्यावं लागेल. असा तिचा हिशेब. भीतीने केलेला हिशेब कधी बरोबर आलाय?

सकाळी तिने मस्ताला बोलावलं आणि बुकारचे डोळे काढायला सांगितलं.

"मागिरा," मस्ता म्हणाला (सुलतानाच्या आईला तिथे असंच म्हणत), "त्याची आई बाळंतपणात गेली. तुम्हीच त्याला मांडीवर वाढवलंत."

"पोटचा कुठला आणि मांडीवरचा कुठला, एवढं कळतं मला. तू शिकवू नकोस. दरबार उठला की ढोल वाजतो ना? तो ऐकू आला की उरकून टाक."

"आधी का नको?"

"ओरडेल, मेल्या! ढोलात ओरडणं बुडेल."

दरबार भरला. फान्ना पडद्याच्या आत, मुलाजवळ बसली. उंटवाल्यांचं गाऱ्हाणं चाललं होतं. आसनाची फळी करकरली, म्हणजे सुलतान उठला, की ढोलकऱ्याने ढोल बडवायचा. गाऱ्हाणं लांबत होतं आणि फान्नाला वाटत होतं, लांबू दे. संपूच नये.

"आई," युनुस हळूच म्हणाला, "बुकार आज खोकला नाही."

"म्हणजे?"

"येऊन बसला की खोकतो तो. मला कळावं म्हणून."

"त्याला ठाऊक आहे?"

"पहिल्यापासून. माझ्या ताटातल्या माशाचे काटे कोण काढतं, तुला काय वाटलं? ईदला माझ्या घोड्याचा लगामही तोच धरणार आहे. ठरलंय आमचं. तुला सांगणार होतो, पण तू उगाच घाबरतेस."

फान्ना पडद्याच्या फटीतून ढोलकऱ्याकडे बघू लागली.

"आई, बुकार कुठे आहे?"

ती गप्पच. युनुस तिच्या पोटचा होता, तिचं गप्प राहणं त्याला पाठ होतं. "काय केलंस तू?" म्हणत त्याने आसनावर हात टेकले.

"उठू नकोस! युनुस, पाया पडते, उठू नकोस!"

तिने त्याचा झगा ओढला. तो उठला. फळी करकरली.

ढोल वाजला.

फान्ना पडदा फाडून धावली. "मस्ता, थांब! थांब रे!" तिचा आवाज तिलाही ऐकू येत नव्हता. तिच्यामागे युनुस धडपडत बाहेर आला, वाळूत पडला, "माझ्या भावाला वाचवा" म्हणून ओरडला. राजा पडद्याबाहेर आला म्हणून सरदारांनी माना आणखी खाली घातल्या. एकानेही वळून पाहिलं नाही.

पण राजा आंधळा आहे हे संध्याकाळपर्यंत शहरभर झालं. वारस नाही म्हणे! गादी रिकामी दिसली की वारस वाळूतून उगवतात. ईदच्या आत कुणी दूरचा चुलता आला, घोड्यावर बसला, आणि या तिघांना शहराबाहेर काढलं.

फान्ना पुढे चालली होती. तिच्या काठीचं दुसरं टोक युनुसच्या हातात होतं आणि युनुसच्या खांद्यावर बुकारचा हात.

"आई," युनुस म्हणाला, "जरा हळू चाल. बुकारला अजून सवय नाही."