देवकाचा सूर

पंधरा ऑगस्टला आंध्र सरकारसाठी वाजवणारी शाळेची पोरं आणि लग्नात वाजवणारे वस्तीतले बाप्ये, असा आमचा मुधोळचा बँड. बुद्धपौर्णिमेच्या मिरवणुकीसाठी मी त्यांना वंदनेची चाल भूप रागात बसवून दिली होती. पाचच सूर, त्यामुळे पोरं कमी चुकतात. चुकतात तेव्हा मात्र मोठ्या हिमतीने चुकतात.

पट्टी मात्र माझ्या बायकोने, देवकाने ठरवली होती. ती काळी पाचच्या बायकी पट्टीत गायची. क्लॅरिनेटला ते सोयीचं, पण पुरुषांची पंचाईत. वर गावं तर गळा फाटतो, खाली गावं तर आवाज पोटात जातो. मग सगळे नुसते ओठ हलवत चालायचे आणि देवका गायची. मधल्या एका ओळीला तर मी सगळी वाद्यं थांबवली होती, तिच्या एकटीसाठी. आणि बाईसाहेब नेमक्या तेव्हाच मागे बायकांशी बोलत राहायच्या. मी मान वळवून डोळे वटारले की घाईघाईने सूर लावायच्या.

माघात देवका गेली. मी रडलो नाही. शाळेत गेलो, जेवलो, दाढी केली. भेटायला येणाऱ्यांना पाणी दिलं. आत काही हलतच नव्हतं.

चैत्रात क्लॅरिनेटवाला मारोती आला. शेजारच्या सोजरबाई ओट्यावरच बसल्या होत्या.

"गुरुजी, आता पट्टी बदला नं," मारोती म्हणाला. "आमाले बी गाऊ द्या."

"काऊन रे, आताच सुचून राह्यलं का तुले?" सोजरबाईंनी त्याला दटावलं.

"असू द्या. करतो," मी म्हणालो.

"तुमाले वाईट नाई वाटत, गुरुजी?" सोजरबाईंनी विचारलं.

"नाही वाटत," मी म्हणालो, आणि ते खरंच होतं.

पुरुषांच्या गळ्याला झेपेल अशी काळी दोन धरली. एकेका वाद्याची स्वरलिपी नव्याने लिहिली. देवकाच्या ओळीला कोणत्याच वाद्याला सूर नव्हता, तेव्हा तिथे बदलायलाही काही नव्हतं. मी ती जागा तशीच उतरवली. तालमीला ती कधी येतच नसे. तिथे थांबून पुढे जायची सगळ्यांना सवय होती.

पौर्णिमेला मिरवणूक निघाली आणि माणसं खरोखर गायली. म्हातारेसुद्धा. मारोती वाजवता वाजवता माझ्याकडे बघून डोळ्यांनी हसला.

मग ती ओळ आली. वाद्यं थांबली, आणि सवयीने माणसंही थांबली. रस्त्यावर फक्त चपलांचा आवाज.

मला राग आला. आजही मागेच राहिली, बोलत! मी मान वळवली आणि डोळे वटारले.

पांढऱ्या साड्यांतल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. सोजरबाईंनी तोंडाला पदर लावला.

बँड पुन्हा सुरू झाला. लोक माझ्या नव्या पट्टीत मोकळ्या गळ्याने गात पुढे गेले. मी तिथेच उभा होतो, मागे बघत. वाईट वाटलं, सोजरबाई. फार वाईट वाटलं.