दम खाऊ द्या, मग आकडा विचारा

मित्रांनो, मी एक जुने रक्तदाब मोजायचे यंत्र आहे. माझी काच ओरखड्यांनी भरली आहे, आणि दंडाला बांधायची पट्टी एका कडेला उसवून पुन्हा शिवलेली आहे. ती शिवण रादोयकाबाईंच्या हातची.

कारखान्यातून निघून मी निश शहरातल्या त्यांच्या चौथ्या मजल्यावरच्या घरी आले. इमारतीला लिफ्ट नव्हती, पण माझा मान मोठा होता. शेजारणी जमल्या की आधी कॉफी, मग मी, मग दुखण्यांच्या गप्पा. कुणाचा आकडा मोठा, याची चढाओढ लागे. कॉफी पोटात जाताच मला बांधू नये, हे कुणाच्या गावीही नव्हते. मला बोलता येत नाही.

मग त्यांची सून दुन्या गरोदर राहिली आणि माझ्या आकड्यांवर हसणे थांबले. तिचे पाय सुजले, आकडे चढतच गेले. इस्क्रा दिवस भरण्याआधीच जन्मली. मायलेकी वाचल्या. घरी पाठवताना डॉक्टर म्हणाले होते, गोळ्या चालू ठेव, रोज थोडे सावकाश चाल. आकडा वर राहिला तर मात्र पुन्हा भरती व्हावे लागेल.

भरती म्हणजे इस्क्रापासून दूर. दुन्या माझ्याकडे बघायची तेव्हा तिच्या डोळ्यांत तेवढेच असे.

आमच्याकडे बाळंतीण चाळीस दिवस उंबरा ओलांडत नाही. पण दुन्या हट्टाने नवऱ्याचा, वुकाशिनचा, हात धरून खाली उतरली. परतली तेव्हा धाप लागलेली. रादोयकाबाई मला घेऊन दारातच उभ्या होत्या.

"आई, बसू तरी द्या."

"बसशील नंतर. हात पुढे कर. बाही वर करू नकोस, खिडकीतून वाऱ्याचा झोत येतोय."

जाड लोकरी बाहीवरूनच त्यांनी मला आवळले. दुन्याचे काळीज इतके धडधडत होते की माझी नळी थरथरली. आकडा उमटला आणि वुकाशिनचा चेहरा उतरला.

"बघितलंस? सांगत होते मी. चालणं तुला मानवत नाही. जा, पड आत."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी दुन्याने बूट काढलेच नाहीत कपाटातून. मी खोटे सांगितले नव्हते, पण मला भलत्या वेळी विचारले होते. आणि त्यामुळे एक बाई अंथरुणाला खिळत होती.

पण दुन्याची नजर बारीक. इस्क्रा दूध पिऊन मांडीवर झोपली की ती बाही सरकवून हळूच मला बांधायची. तेव्हा आकडा खाली. एकदा नाही, दर वेळी. जिने चढून आल्यावर वर, निवांत बसल्यावर खाली, हे तिने हेरले.

शनिवारी रादोयकाबाई मिरच्यांची पिशवी घेऊन चार मजले चढून आल्या. दारात दुन्या उभी, हातात मी.

"आई, हात पुढे करा."

"माझा कशाला? मी काय बाळंतीण आहे?"

"करा तर खरं."

मी माझे काम केले, आकडा उंच चढला. रादोयकाबाई मटकन खुर्चीत बसल्या. "अगं बाई, मी चालले आता. वुकाशिनला बोलाव."

"कुठं नाही चाललात. पाठ टेकून बसा. कॉफी नाही, बोलणं नाही."

"बोलणं पण नाही?"

"मुळीच नाही."

त्या गप्प बसल्या. त्या घरात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मग दुन्याने त्यांची बाही वर केली आणि मला पुन्हा बांधले. आकडा पुष्कळ उतरला होता. रादोयकाबाईंनी काच रुमालाने पुसून तो पुन्हा वाचला.

"म्हणजे तुला मी उगाचच झोपवून ठेवलं," त्या पुटपुटल्या. मग उठून कपाटातून सुनेचे बूट काढले. "चल. पण गळ्याला रुमाल बांध, वारा आहे."

दुन्या गळ्याला रुमाल बांधून निघाली.

मित्रांनो, मला विचाराल तेव्हा आधी निवांत बसा, बाही वर करा, तोंड मिटा. बाळंतिणीचे डोके ठणकले, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तर नुसते माझ्याकडे बघत बसू नका, दवाखाना गाठा. आणि माझा धाक घालून कुणाला कोंडू नका.

हल्ली सासूसुना रोज नदीकाठी जातात, दोघींच्या मध्ये बाळगाडी. पहिले काही दिवस मी पिशवीतून सोबत जात असे. आता दुन्याचा आकडा खालीच राहतो, म्हणून मी फडताळावर असते, काचेवर थोडी धूळ. खालून त्या दोघींचे भांडण ऐकू येते, कुणी गाडी ढकलायची यावरून. मग आवाज लांब जातो. त्या धुळीचे मला वाईट वाटत नाही.