गॉर्डीने दिलेली लाइन

हार्लन आणि त्याची बायको आर्लिस यांनी सप्टेंबरात आपला राहायचा ट्रेलर गॉर्डीच्या गॅरेजशेजारी आणून लावला, तेव्हा मुक्काम दोन-तीन आठवड्यांचाच आहे असं सगळ्यांनी धरलं होतं. आर्लिसच्या छातीच्या तपासण्या उरकल्या की दोघं दरवर्षीसारखी थंडीच्या आधी ॲरिझोनाच्या उन्हात निघून जाणार होती. मिनेसोटातलं स्वतःचं घर त्यांनी केव्हाच विकलं होतं. हार्लनने जन्मभर शाळेची बस चालवली, आर्लिस त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात राबली. आता उरलेलं आयुष्य चाकांवर काढायचं, असं दोघांनी मोठ्या हौसेनं ठरवलं होतं.

तपासण्यांतून निघालं ते बरं होणारं दुखणं नव्हतं. फुप्फुसं सुकत चालली होती. ऑक्सिजनचं यंत्र दिवसरात्र लावायचं आणि लांबचा प्रवास विसरायचा, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग ट्रेलर होता तिथंच राहिला.

गॉर्डी हा आर्लिसचा धाकटा भाऊ. लाकडाच्या वखारीत कामाला, आवाज मोठा, मन त्याहून मोठं. त्याने गॅरेजच्या खिडकीतून नारिंगी रंगाची एक लांब वायर बाहेर काढून ट्रेलरला जोडून दिली. त्या वायरीवर संसार चालू झाला. संसार म्हणजे काय, तर यंत्र चालू असताना हीटर लावला की किटली लावायची नाही, आणि किटली हवी असेल तर थोडा वेळ कुडकुडायचं. ऑक्सिजन असेल तिथं गॅसची शेगडी पेटवू नका, असं नर्सनं बजावलं होतं, म्हणून ऊबही विजेचीच. जरा चुकलं की गॅरेजमधला ब्रेकर पडायचा आणि वीज जायची. हार्लन बूट चढवून जायचा, तो वर करायचा, परत यायचा.

"चहा नको म्हटलं होतं मी," आर्लिस म्हणायची.

"तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी ठेवला होता," तो म्हणायचा. खोटंच.

त्याच लाइनीवर गॉर्डीच्या बायकोचा, कॉलीनचा, मोठा फ्रीझर होता. ऑक्टोबरात आर्लिसला दोन दिवस इस्पितळात ठेवावं लागलं. पाण्याचे पाइप गोठू नयेत म्हणून हार्लन ट्रेलरमधला हीटर चालू ठेवून गेला. त्यांच्या मागे कधीतरी ब्रेकर पडला. गॅरेजात कुणी डोकावलं नाही. वर्षभराचं हरणाचं मांस आणि उन्हाळाभर वेचलेल्या ब्लूबेरी, सगळ्याचं पाणी झालं. कॉलीन काही बोलली नाही. एकटीनं सगळं पिशव्यांत भरून कचऱ्यात टाकलं आणि फ्रीझर आतून दोनदा पुसला. ती बोलली असती तर हार्लनला हलकं वाटलं असतं.

गॉर्डीने मात्र मनावर घेतलं. "बास झाला हा एका वायरीचा खेळ," तो म्हणाला. "तुम्हाला स्वतंत्र मोठी लाइन देतो. मग हीटर लाव, किटली लाव, नाचायचे दिवे लाव!"

"इलेक्ट्रिशियन बोलवू या का?" हार्लनने विचारलं.

"कशाला? वरचा ड्रायर कुणी जोडलाय? मीच ना? इतकी वर्षं कपडे वाळतायत, घर काही जळालं नाही."

शनिवारी सकाळपासून गॉर्डी कामाला लागला. ट्रेलरसाठीचं तीन भोकांचं सॉकेट त्याने दुकानातून बरोबर आणलं होतं. हार्लन शेजारी उभा राहून हत्यारं देत होता. गॉर्डीने जोडब्रेकर बसवला आणि त्यातून वीज येणाऱ्या दोन्ही तारा सॉकेटकडे नेल्या, तेव्हा हार्लन जरा पुढे वाकला.

"दोन्ही? मला वाटतं, एकच लागते रे."

"अरे, दिसतंय की, ड्रायरसारखंच सॉकेट आहे. तू बस चालव, तारा माझ्याकडे सोड," गॉर्डी हसत म्हणाला.

रस्त्यावर असताना कुठल्याही तळावर हार्लन आधी सॉकेटला विजेचा दाब मोजायचा मीटर लावायचा, मगच ट्रेलर जोडायचा. मीटर आताही स्वयंपाकाच्या ओट्याखालच्या खणात होता. पण ज्याच्या अंगणात राहायचं, ज्याचं मांस आपल्यापायी नासलं, त्याच्या कामाला त्याच्यासमोर मीटर लावायचा? हार्लनला ते जमलं नाही. त्याने ट्रेलरचा प्लग नव्या सॉकेटात ढकलला.

गॉर्डीने ब्रेकर वर केला. ट्रेलरच्या खिडकीतला आर्लिसचा टेबललॅम्प डोळे दिपतील असा पेटला आणि त्याचा बल्ब फुटला. आतून पंखा किंचाळल्यासारखा आवाज आला, मग काहीतरी फटकन वाजलं. हार्लनने प्लग ओढून काढला खरा, पण तोवर सगळं आटोपलं होतं. दार उघडताच जळक्या वासाच्या धुराचा लोट तोंडावर आला. फ्रिज, हीटर, ओव्हन, बॅटरीचा चार्जर, सगळं गेलं होतं. ऑक्सिजनचं यंत्रही. आर्लिस पलंगावर बसली होती, नळी नाकातच होती आणि नळीतून काही येत नव्हतं.

त्यांनी तिला उचलून बाहेर आणलं. राखीव सिलिंडर होता, तो कॉलीनने धावत जाऊन आणला आणि लावला. अँब्युलन्स येईपर्यंत गॉर्डी गॅरेजच्या भिंतीला टेकून एकच वाक्य म्हणत राहिला, "ड्रायरला अशीच दिली होती. अगदी अशीच."

ड्रायरला दोन्ही तारा लागतात, ट्रेलरला एकच; दोन्ही दिल्या की विजेचा दाब दुप्पट होतो. दुसऱ्या दिवशी आलेल्या इलेक्ट्रिशियनने हे दोन मिनिटांत सांगितलं. गॉर्डीने मान हलवली आणि तो घरात निघून गेला.

धुरानं आर्लिसची छाती आणखी खालावली. इस्पितळातून तिला गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात हलवलं. तिथं ऑक्सिजन भिंतीतूनच येत होता.

"तू मीटर लावला नव्हतास ना?" एकदा तिनं विचारलं.

"नाही."

"त्याला वाईट वाटलं असतं म्हणून?"

हार्लनने मान खाली घातली. "लहानपणापासून तो असाच आहे," ती म्हणाली. "आणि तूही असाच." तिच्या आवाजात राग नव्हता. राग करायलाही दम लागतो.

गॉर्डीने आपल्या घरातली शिवणाची खोली हार्लनला रिकामी करून दिली. पूर्वी दोघं रोज सकाळी पायरीवर कॉफी घेऊन बसायचे, वखारीच्या गमती चालायच्या. आता गॉर्डी उजाडायच्या आत कामाला जायचा. जेवायला समोरासमोर बसले, की तो बटाट्याचं भांडं पुढे सरकवायचा, नजर मात्र द्यायचा नाही. हार्लनने एकदा म्हणून पाहिलं, "चूक माझीही होती, गॉर्डी." गॉर्डी ताट तसंच टाकून उठला. पुन्हा तो विषय निघाला नाही.

डिसेंबरात बर्फ साचला. हार्लन रोज दुपारी आर्लिसपाशी जाऊन बसायचा. थंडी ओसरली की ट्रेलर दुरुस्त करू, निदान तळ्यापर्यंत तरी जाऊ, असं तो सांगायचा. ती डोळे मिटून ऐकायची. एके दिवशी तिनं त्याला मधेच थांबवलं.

"हार्लन, माझे कपडे घेऊन ये."

"कुठले?"

"सगळे. उन्हाळ्यातले नकोत."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने फावड्यानं बर्फ सारून ट्रेलरचं दार मोकळं केलं. आत जळका वास तसाच होता. तो कपाटासमोर नुसता उभा राहिला, हात पुढे होईना. पाठोपाठ कॉलीन आत आली. तिनं ओव्हरकोटाच्या बाह्या वर केल्या, पलंगावर बॅग उघडली आणि एकेक स्वेटर काढून घडी घालायला लागली. फुलाफुलांचे उन्हाळी झगे तिनं हँगरवर तसेच ठेवले. हार्लन तिच्या हातात कपडे देत राहिला.