बदलीचा क्लोजअप

सेटवर त्याला सगळे 'बदली' म्हणत. ज्याच्यासाठी ही भूमिका लिहिली होती त्या नटाचा शूटिंगच्या आठवडाभर आधी पाय मोडला आणि हा त्याच्या जागी आला, म्हणून बदली. तोंडावर म्हणत, आणि हाही ओ देई. कपडेसुद्धा त्या दुसऱ्याच्याच मापाचे. शर्ट खांद्यावरून उतरे, तेव्हा कपडेपटवाली बाई मागून टाचण्या लावी आणि म्हणे, "हलू नकोस हां, बोचेल."

हा त्याचा तिसरा सिनेमा. पहिल्यात चार शॉट होते, त्यातला एक उरला, तोही पाठमोरा. दुसऱ्यात तो नायकाचा मित्र झाला आणि मध्यंतराच्या आत मेला. पोरगा गुणी होता, पाण्यासारखा. ज्या भांड्यात ओताल त्याचा आकार घ्यायचा. पण पाण्याला कुठं ठाऊक असतं आपला स्वतःचा आकार कोणता? म्हणून प्रत्येक शॉट संपला की दिसेल त्याला विचारायचा, "बरं झालं ना?" लाईटवाल्याला विचारी, चहावाल्याला विचारी. खुर्च्या-टेबलांनाच काय ते विचारायचं राहिलं होतं.

त्या दिवशी त्याचा एकुलता एक मोठा प्रसंग होता. आई लेकाला घराबाहेर काढते, आणि लेक दारात उभा राहून नुसता ऐकतो, ऐकता ऐकता रडतो. त्या रडण्यावर त्याच्या चेहऱ्याचा लांबलचक क्लोजअप. तेवढाच तुकडा दुसऱ्या एका निर्मात्याकडे जायचा होता. तो पाहून निर्माता त्याला पुढच्या सिनेमात घ्यायचं की नाही ते ठरवणार होता. म्हणून त्यानं हौसेनं आपल्या खऱ्या आईलाही बोलावलं होतं. ती दवाखान्यात खिडकीशी बसून नंबर पुकारायची. "डॉक्टर आज नाहीत" आणि "तुमचा पेशंट वाचला" ही दोन्ही वाक्यं एकाच आवाजात सांगायची तिला वीस वर्षांची सवय. रजा टाकून आली, इस्त्रीची साडी नेसून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली.

सेटवरचा रिवाज असा की आधी थोरांचा चेहरा, मग धाकट्यांचा. सिनेमातली आई म्हणजे नावाजलेल्या बाईसाहेब. कॅमेरा आधी त्यांच्यावर लागला, ह्याच्या खांद्यामागून. "मनापासून दे रे," बाईसाहेब म्हणाल्या, "तू रडलास की मला जोर येतो." झालं! पोरानं सहा वेळा दिलं. सहाही वेळा डोळे झरले, अश्रू हनुवटीवरून ओघळले, गळ्यात उतरले. बाईसाहेबांचा शॉट अप्रतिम झाला. जाता जाता त्यांनी त्याच्या गालावर टिचकी मारली. "गोड आहेस. हातचं काही राखत नाहीस." आणि गाडीत बसून गेल्या.

"बदली," वरून लाईटवाला ओरडला, "इतका रडलास, पण कॅमेऱ्यानं फक्त तुझी मान पाहिली रे!"

सगळे हसले. तोही हसला. मग कॅमेरा फिरला, त्याच्या तोंडावर आला, आणि डोळ्यांत थेंब नाही.

बाईसाहेबांची वाक्यं आता सहायक वाचून दाखवत होता. "या घरात तुला जागा नाही," तो सँडविच चावत म्हणाला, "निघ." एकदा झालं, चारदा झालं, सातदा झालं. नवशिक्याची हीच चूक: लग्न दुसऱ्याचं, आणि नाचून पाय आपले मोडायचे. ग्लिसरीन मागायची सोय नव्हती. दिग्दर्शकाचं म्हणणं, ज्याला बाटलीतून रडायचंय त्यानं दुसरीकडे जावं.

"साडेपाचला हा सेट मोडणार," दिग्दर्शकानं घड्याळ पाहिलं. "मी पाठमोरा घेतो आणि मोकळा होतो."

पाठमोरा! पोराचा चेहरा राखेसारखा झाला. तेवढ्यात दिग्दर्शकाची नजर कोपऱ्यातल्या स्टुलाकडे गेली.

"ताई, या इकडे. तुम्ही वाचा."

तिला कॅमेऱ्याशेजारी उभं केलं, हातात कागद दिला. तिनं चष्मा लावला आणि वाचलं, "या घरात तुला जागा नाही, निघ," अगदी 'सत्तावीस नंबर, आत या' म्हणावं तसं. सेटभर खसखस पिकली. दिग्दर्शक हसला नाही. तो तिच्याजवळ वाकून हळूच म्हणाला, "कागद राहू द्या, ताई. पोर तुमचं आहे. त्याला कुठं लागतं ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? त्याच्या भल्यासाठी बोला."

आईनं कागदाची घडी घातली. कॅमेरा सुरू झाला. ती थोडा वेळ लेकाकडे बघत राहिली.

"शाळेच्या नाटकात तू झाड झाला होतास," ती म्हणाली. "दिवसभर विचारत होतास, आई, बरं झालं ना? मी म्हटलं, छान झालं. खोटं बोलले मी." ती थांबली. "तुला नाही येत रे राजा. मला तेव्हाच कळलं होतं. बाबांनाही. आमचं ठरलं होतं, तुला कुणी सांगायचं नाही. ते गेले, तेव्हाही शेवटी हेच म्हणाले. त्याला सांगू नकोस."

आवाज तोच, खिडकीतला. पोराच्या डोळ्यांत आधी पाणी आलंच नाही. आधी ओठ वाकडा झाला, मग सगळा चेहराच भिजल्या भिंतीसारखा खचला. त्यानं नकळत तिच्याकडे एक पाऊल टाकलं.

"कट! वा!" टाळ्या पडल्या. लाईटवाल्यानं शीळ घातली.

तो आईजवळ गेला. "खरं होतं का ते?"

"तुला रडू यावं म्हणून बोलले."

"म्हणजे खोटं?"

"शॉट झाला ना तुझा?" ती पदरानं चष्मा पुसत म्हणाली. "मग झालं तर."

त्यानं तिचा चेहरा उलटासुलटा वाचून पाहिला. खोटं असेल, तर या घरातली नटी हीच. खरं असेल, तर विचारायला काही उरलंच नाही.

"साहेब," कॅमेऱ्यामागून दबका आवाज आला, "फोकस गेला. हा खूण सोडून पुढे आला. सगळं धूसर आहे."

जमिनीवर चिकटपट्टीची खूण होती, नटानं पाय कुठं ठेवायचे त्याची. दिग्दर्शकानं कपाळाला हात लावला. "पंधरा मिनिटं आहेत. पुन्हा. ताई, तेच म्हणा."

"मी नाही," आई म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज हलला. "एकदा बोलले ते बोलले. पुन्हा नाही बोलवणार माझ्याच्यानं."

दिग्दर्शकानं पोराकडे पाहिलं. "पाठमोरा घेऊ?"

पोरगा खुणेवर जाऊन उभा राहिला, पाय जुळवले. मान किंचित उचलली, गालावर उजेड आला का ते पाहिलं.

"आई," तो म्हणाला, "मघाशी झाडाचं सांगून झाल्यावर थांबली होतीस ना, तिथं तशीच थांब. त्यानंच येतं मला."

"राजा, नको रे..."

"आणि बाबांचं जरा सावकाश घे."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग जमेल तसं बोलू लागली. आता तिचा आवाज खिडकीतला राहिला नव्हता. मध्येच फाटत होता, गालावरून पाणी निथळत होतं, वाक्यं तुटून पडत होती. कॅमेऱ्याची पाठ तिच्याकडे होती.

लेक ऐकत होता. ती थांबायची तिथं थांबली. त्यानं मनात दोन अंक मोजले आणि डावा डोळा भरू दिला.